शाळा बघून घर घेताय? मग हा हिशेब आधी मांडा

२०११ साली आम्ही साताऱ्याहून ठाण्यात आलो. घोडबंदर रोडवर फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटने बाल्कनीचं दार उघडलं, समोरच्या शाळेच्या मैदानाकडे बोट केलं आणि म्हणाला, "ताई, मुलगी इथून हात हलवत शाळेत जाईल." शेजारच्या इमारतीपेक्षा या इमारतीचा भाव चौरस फुटाला चारशे रुपयांनी चढा होता. आम्ही फारशी घासाघीस न करता दिला. नोंदणी झाली, वास्तुशांत झाली, मग नर्सरीचा फॉर्म आणायला समोर गेलो. फॉर्म दिवाळीआधीच संपले होते. आम्ही समोरच राहतो म्हटल्यावर खिडकीतल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "मॅडम, इथे सगळेच समोर राहतात." मुलगी पुढची सगळी वर्षं पोखरण रोडच्या बाजूच्या शाळेत बसने गेली. हात हलवला तिने, पण बसच्या खिडकीतून.

तेव्हापासून नात्यातल्या आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणांबरोबर घरं बघत फिरले. प्रत्येकाचा प्रश्न तोच: नावाजलेल्या शाळेजवळ घर घेतलं तर भाव टिकतो ना, पुढे चढा मिळतो ना? एका शब्दात उत्तर देता येत नाही, पण ते काढायची रीत आहे. ती क्रमाने लिहिते. माझं मत लपवत नाही: इकडे शाळेच्या नंबरसाठी जास्त पैसे मोजू नका, मिनिटांसाठी मोजा.

१. पत्ता दाखवला की ॲडमिशन, हे डोक्यातून काढा

शाळेचा नंबर वर तर घराचा भाव वर, हे गणित मुळात अमेरिकेतलं. तिथे बहुतेक ठिकाणी तुमचं घर ज्या हद्दीत, त्या हद्दीची सरकारी शाळा तुमच्या मुलाची. फी नाही, मुलाखत नाही. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून महागड्या घरांच्या गावात शाळेच्या हातातही पैसा जास्त. म्हणजे घर घेतलं की ॲडमिशन झालीच. १९९९ साली सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या रेषेलगतची घरं, अलीकडची आणि पलीकडची, ताडून पाहिली. वस्ती तीच, रस्ते तेच, शाळा तेवढी वेगळी. परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या बाजूला लोक घरासाठी साधारण २.५ टक्के जास्त मोजत होते.

अमेरिकेत एडिसनला राहणारा माझा आतेभाऊ अजून फोनवर विचारतो, "तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट कितवं?" मी सांगते, आमचा डिस्ट्रिक्ट ठाणे, आणि त्याला नंबर नाही.

आपल्याकडे खाजगी शाळेचा प्रवेश शाळेच्या हातात. भावंडं शिकत असतील तर त्यांना आधी घेतात, कर्मचाऱ्यांच्या मुलांना आधी घेतात, काही शाळा अंतर बघतात, काही बघत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-वडिलांची चाचणी घेणं आणि देणगी मागणं दोन्ही बेकायदा आहे, पण याचा अर्थ शेजाऱ्याला जागा देणं बंधनकारक आहे असा नाही.

पत्ता खरोखर उपयोगी पडतो तो आरटीई प्रवेशात, म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित गटांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांच्या. तिथे घरापासून शाळेचं अंतर नकाशावर मोजतात. १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, मग ३ किलोमीटरपर्यंतच्यांना, आणि अर्ज जास्त आले की सोडत. आर्थिक दुर्बल गटासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख. वंचित गटातल्या मुलांना जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही. अर्जात १० पर्यंत शाळा निवडता येतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही २५ टक्क्यांची तरतूद लागू नाही, आणि ठाण्यातल्या जुन्या नावाजलेल्या इंग्रजी शाळांपैकी काही त्याच गटातल्या आहेत, तेव्हा आधी तेवढं बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एजंट अजून त्या मधल्या काळातली माहिती सांगताना भेटतात.

आरटीईत बसणारं कुटुंब भाड्याने राहत असेल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा. नोटरी केलेल्या कागदावर अर्ज अडकतो. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा असाच अडकला होता. हजार-दीड हजार वाचवायला मालकाने नोंदणी टाळली होती.

२. यादीतला नंबर कुणी दिला ते विचारा

कॉलेजांसाठी केंद्र सरकारची क्रमवारी आहे. शाळांसाठी अशी सरकारी क्रमवारीच नाही. "ठाण्यातल्या पहिल्या दहा शाळा" वगैरे याद्या मासिकं आणि वेबसाइटवाले काढतात. पुष्कळ याद्या लोकांच्या मतांवर आणि शाळांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर उभ्या असतात. त्यात स्विमिंग पूलला गुण असतात. नौपाड्यातल्या मराठी शाळा, जिथून या शहराच्या दोन-तीन पिढ्या शिकून निघाल्या, त्या अशा यादीत औषधालाही सापडत नाहीत.

बोर्डाची गुणवत्ता यादी तर कधीच बंद झाली. राहिला निकालाचा टक्का. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. शंभरातले चौऱ्याण्णव जिथे पास होतात तिथे शाळेच्या फलकावरचं "निकाल १००%" किती सांगणार? आणि निकालाने घरांचे भाव चढत असते तर कोकण विभाग बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, वर्षानुवर्षं राज्यात पहिला, २०२५ ला ९८.८२ टक्के. तिथून माणसं ठाण्यात घर घ्यायला येतात, इथून तिथे कुणी निकाल बघून जात नाही.

मग काय बघायचं? तीन गोष्टी, आणि तिन्ही घरबसल्या होतात.

पहिली, शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला तिचा क्रमांक. अकरा आकडी असतो आणि प्रत्येक मान्य शाळेला असतोच. ठाणे जिल्ह्यातल्या शाळेचा २७२१ ने सुरू होतो, रायगडातल्याचा, म्हणजे खारघर-कामोठे-पनवेलकडच्या शाळेचा, २७२४ ने. यूडायस प्लसच्या पोर्टलवर शाळा शोधली की शिक्षक किती, वर्गखोल्या किती, पट किती, हे दिसतं. क्रमांकच मिळाला नाही तर तिथेच थांबा. शिक्षण विभाग दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, त्यात दिव्यातली नावं पुष्कळ असतात. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड आहे आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला १० हजारांपर्यंत. पण त्या शाळेतल्या मुलाचं वर्ष वाया गेलं तर ते दंडातून भरून येत नाही.

दुसरी, आठवी, नववी आणि दहावीचा पट. माझ्या मते निकालापेक्षा हा आकडा जास्त बोलतो. नववीत १२० मुलं आणि दहावीला ९० बसत असतील तर मधली तीस गेली कुठे? काही शाळा नववीतच कच्च्या मुलांना अडवतात, दाखला घेऊन जायला सुचवतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावतात. शंभर टक्क्यांचा फलक असाही लागतो. एखाद्या वर्षी थोडा फरक पडतोच, बदल्या होतात, माणसं गाव सोडतात. सलग तीन वर्षं गळती दिसली तर मात्र शाळेबाहेर उभ्या असलेल्या आठवी-नववीच्या पालकांना विचारा. नर्सरीच्या पालकांना विचारून उपयोग नाही, ते अजून नव्याच्या नवलाईत असतात.

तिसरी, सीबीएसई शाळा असेल तर तिच्या वेबसाइटवरचं सक्तीचं माहितीपान. फीचा तक्ता, शिक्षकांची संख्या, गेल्या तीन वर्षांचे दहावी-बारावीचे निकाल, किती मुलं बसली आणि किती पास झाली, हे सगळं जाहीर करणं बोर्डाने बंधनकारक केलं आहे. पान सापडत नसेल किंवा अर्धं रिकामं असेल तर तीही माहितीच. संलग्नता क्रमांकही तिथेच असतो. "सीबीएसई पॅटर्न" असा शब्द ऐकलात तर कान टवकारा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. सहावी-सातवीपर्यंत पॅटर्न चालतो, नववीच्या नोंदणीला खरं काय ते कळतं.

फीबद्दल एवढंच: महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. ती समिती शाळेत खरोखर बसते का, हे जुन्या पालकाला विचारा.

३. सकाळी पावणेसातला जाऊन उभे राहा

घर दाखवायला एजंट नेहमी रविवारी दुपारी नेतो. रविवारी दुपारी घोडबंदर रोड म्हणजे धावपट्टी. कासारवडवलीहून मानपाडा "दहा मिनिटं". तुम्ही सोमवारी सकाळी जा, पावणेसातला आणि पुन्हा साडेबाराला, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते त्या वेळी. न्हावा-शेव्याच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात. गायमुख घाटात एक ट्रक बंद पडला की त्याची शेपूट कुठवर येते ते बघा. कापूरबावडीला किती सिग्नल थांबता ते मोजा. वर्षानुवर्षं वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत मुलं शाळेत गेली आहेत.

मोजायची ती किलोमीटर नव्हे, मिनिटं. आणि तीही शाळेच्या बसची. बस थेट जात नाही, ती गोळा करत जाते. पहिल्या थांब्यावर चढणारं मूल चाळीस मिनिटं जास्त बसतं. म्हणून बसच्या मार्गावर तुमची सोसायटी कितवी येते ते व्हॅनवाल्या काकांना विचारा. त्यांच्याइतकं नेमकं ठाण्यात कुणालाच ठाऊक नसतं, वाहतूक पोलिसांनाही नाही. महामार्ग ओलांडून जायचं असेल तर ते वेगळं धरा. नकाशावर चारशे मीटर असलेली शाळा रस्त्याच्या पलीकडे असेल तर सात वर्षांच्या मुलासाठी ती चालत जायची शाळा नव्हे.

शाळेच्या अगदी फाटकासमोरचं घर मात्र मी सुचवत नाही. रोज दोनदा गाडी बाहेर काढता येत नाही, व्हॅन तीन रांगांत उभ्या राहतात, डिसेंबरभर स्नेहसंमेलनाचा सराव चालतो. दोन गल्ल्या आत, पायी सात-आठ मिनिटं, ही उत्तम जागा. आणि बहुतेक वेळा तिथला भावही समोरच्या इमारतीपेक्षा नरम असतो.

४. भाव एजंटच्या तोंडून नको, कागदावर बघा

आता मुद्द्याचं. शाळेमुळे भाव किती चढलाय हे खरंच काढता येतं, फक्त एक संध्याकाळ घालवावी लागते.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की झालेल्या व्यवहारांची यादी येते, आणि प्रत्येकाचा इंडेक्स-दोन, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, उघडतो. त्यात मोबदला लिहिलेला असतो, म्हणजे घर प्रत्यक्षात कितीला गेलं ते. त्याच्याशेजारी सरकारी बाजारभाव असतो, तो रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यावरून, आलेला. दोन्हींत गोंधळ करू नका. रेडी रेकनरचा दर विभागवार असतो, त्याला शाळा दिसत नाही.

नवख्याला अडचण येते ती गावाच्या नावाची. कागदोपत्री "घोडबंदर रोड" नावाचं गावच नाही. तिथे कावेसर, कोलशेत, ओवळा, चितळसर मानपाडा, माजिवडे, बाळकुम अशी महसुली गावं आहेत. फ्लॅटच्या जुन्या करारनाम्यात गाव आणि सर्व्हे नंबर असतो, मालकाकडून त्याची झेरॉक्स मागा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच, भागाकार करा. एकाचा बिल्टअप (भिंतींसकट) आणि दुसऱ्याचा कार्पेट धरून केलेली तुलना म्हणजे काजू आणि शेंगदाणे एका तराजूत.

मग ब्लॅकबाईंनी केलं तेच छोट्या प्रमाणावर करा. दोन इमारती निवडा: साधारण एका वयाच्या, स्टेशनपासून सारख्या अंतरावर, लिफ्ट-पार्किंग सारखं, एक शाळेजवळ आणि दुसरी दीड-दोन किलोमीटर लांब. गेल्या दोन वर्षांतले प्रत्येकी पाच-सहा व्यवहार काढा. फरक दिसला तर लगेच शाळेच्या नावावर टाकू नका. पोखरण रोड नंबर १ वर सिंघानिया शाळा आहे, भावही चढा आहे. पण तिथे येऊरचा डोंगर आहे, उपवनचा तलाव आहे, आणि स्टेशन घोडबंदरपेक्षा कितीतरी जवळ. यातलं शाळेचं किती?

नौपाड्यात तर हे वेगळं काढताच येत नाही. सरस्वती किंवा डॉ. बेडेकर विद्यामंदिर पायी अंतरावर, पण स्टेशनही पायी, गोखले रोडही पायी, गडकरी रंगायतनही पायी. लोक तिथे शाळेसाठी चढा भाव देतात की शाळा हे वर मिळालेलं मानतात, कोण सांगणार.

उलटही होतं. मोठ्या वसाहती आधी उभ्या राहतात, पैसेवाली कुटुंबं येतात, आणि त्यांच्या मागे शाळा येते. हिरानंदानी इस्टेटमध्ये शाळा वसाहतीबरोबरच आली. अशा ठिकाणी शाळेने भाव वाढवला म्हणणं म्हणजे वरातीमागून आलेल्या घोड्याला लग्नाचं श्रेय देणं.

५. वरचे पैसे आणि बसचे पैसे समोरासमोर ठेवा

समजा शाळेजवळच्या इमारतीत चौरस फुटाला १,५०० रुपये जास्त मागतायत आणि कार्पेट ६५० आहे. जास्तीचे झाले ९,७५,०००. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे या वरच्या रकमेवर आणखी ६८,२५०. (घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, ती दोन्हीकडे साधारण तीच.) हे पावणेदहा लाख २० वर्षांच्या कर्जाने, ८.५ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता जवळपास ८,४६० रुपये.

दुसऱ्या बाजूला बस. समजा महिना ३,०००, वर्षाचे दहा महिने. वर्षाला ३० हजार, बारा वर्षांत ३ लाख ६० हजार. बारा वर्षांचे हप्ते १२ लाखांच्या वर जातात. एवढ्यावरून बस स्वस्त वाटते, आणि नुसते पैसे बघितले तर ती आहेच.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, बसचे पैसे गेले ते गेले, घरात घातलेले विकताना काही अंशी परत येतात. किती येतात ते फरक कशामुळे होता त्यावर. स्टेशनमुळे असेल तर टिकतो, स्टेशन कुठे जात नाही. एकाच शाळेच्या नावावर असेल तर कच्चा. शाळेचं व्यवस्थापन बदलतं, बोर्ड बदलतं, शेजारी तीन नव्या शाळा निघतात. दोन, वेळ. बसने जाऊन-येऊन रोज ७० मिनिटं जास्त लागत असतील तर पहिली ते पाचवीसाठी कायद्याने ठरलेले वर्षाचे किमान २०० दिवस धरले तरी १४,००० मिनिटं होतात, म्हणजे २३३ तास. मुलाच्या वर्षातले जवळजवळ दहा अख्खे दिवस बसमध्ये. माझ्या मुलीचे असे किती गेले ते मी मोजलेलं नाही, मुद्दामच.

म्हणून मी मिनिटांना पैसे द्या म्हणते. यादीत पहिल्या नंबरची शाळा पन्नास मिनिटांवर आणि ठीकठाक, शिक्षक टिकून असलेली शाळा आठ मिनिटांवर असेल तर दुसरीजवळचं घर घ्या. आणि अनुदानित मराठी शाळा चालणार असेल तर फीचा जो फरक वाचतो त्यात कर्जाचे हप्ते भरता येतात. हे बोलायला लोक का लाजतात कळत नाही.

६. नवी मुंबईत घेत असाल तर

इथला हिशेब वेगळा, कारण शहरच आखून केलेलं. १९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि नोड (वाशी-नेरूळसारखे मोठे विभाग), सेक्टर, त्यात शाळेचे भूखंड असं कागदावर ठरलं. वाशी, नेरूळ, ऐरोलीत चार-पाच शाळा सहज पायी अंतरावर येतात. शाळेजवळ असणं दुर्मीळच नाही, मग त्याचे वेगळे पैसे कोण देणार? एका नोडमध्ये भाव फिरतात ते स्टेशनपासूनच्या अंतराने, इमारतीच्या वयाने आणि पुनर्विकासाच्या आशेने. सीवूड्स आणि कोपरखैरणेच्या महापालिकेच्या सीबीएसई शाळांकडे गर्दी एवढी की सोडत काढावी लागते. तिथे शेजारी घर घेतलं म्हणून प्रवेश पक्का होत नाही.

जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे रिसेलमध्ये हस्तांतरणाचं शुल्क कोण भरणार आणि ना-हरकत कोण आणणार ते टोकन देण्याआधी लिहून घ्या. उलवे आणि पनवेलकडचे भाव तर शाळेकडे बघतही नाहीत. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, भाव त्यांच्या मागे पळाले. शाळा मागून येतात. तोवर मुलं बसने नेरूळ-सीवूड्सकडे. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतात, तेव्हा ई-सर्चला आणि आरटीईच्या अर्जाला जिल्हा ठाणे टाकून शोधत बसू नका. माझ्या भावाने दोन संध्याकाळी घालवल्या.

७. माहितीपत्रकातली शाळा

नव्या प्रकल्पाच्या रंगीत नकाशावर हिरव्या चौकोनात "प्रस्तावित शाळा" लिहिलेलं असतं. विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण असणं आणि तिथे घंटा वाजणं यात पंधरा-वीस वर्षंही जातात. महापालिकेच्या नगररचना विभागात आराखडा बघता येतो. आरक्षण कशाचं आहे, जागा ताब्यात आली का, तिथे आत्ता काय उभं आहे, हे विचारा आणि एकदा जाऊन बघा. मी पाहिलेल्या एका "प्रस्तावित आंतरराष्ट्रीय शाळे"च्या जागेवर म्हशी बांधलेल्या होत्या. म्हशी छान होत्या.

महारेराचा, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाचा, क्रमांक पी या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, जाहिरातीवर क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन करून प्रकल्पाच्या पानावर शाळेचा उल्लेख सुविधांमध्ये आहे का ते बघा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर भरपाई मागता येते, आणि बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. म्हणून माहितीपत्रक फेकू नका. साइट ऑफिसमधल्या मुलाने तोंडी सांगितलेलं व्हॉट्सॲपवर लिहून मागा: "शाळा कधी सुरू होणार, कोणती संस्था?" बहुतेक वेळा निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागितले तर देऊ नका, रेराचंच कलम १३ आहे.

८. आधी भाड्याने

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण आधी लिहिलं की कुणी पुढचं वाचत नाही. नवीन आला असाल तर पहिलं वर्ष भाड्याने राहा. शाळांचे फॉर्म साधारण सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये निघतात, पुढच्या जूनसाठी. सीबीएसईचं वर्ष एप्रिलपासून. नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण, पहिलीला सहा. म्हणजे गणपतीच्या आसपास शाळांच्या चकरा सुरू करा, तीन-चार फॉर्म भरा, प्रवेश हातात पडू दे, मूल चार महिने जाऊ दे. त्याला शाळा मानवली, तुम्हाला रस्ता मानवला, की मग त्या पट्ट्यात घर शोधा. आधी घर आणि मग शाळा केली की काय होतं ते वर सांगितलंच.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठे घेतो. मार्च ते मे या काळात शाळांजवळची भाडी चढतात, म्हणून शक्य असेल तर करार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपेल असा करा. मालकाशी बोलताना शाळेचं नाव काढू नका. "ऑफिस जवळ पडतं" म्हणा.

९. दहावीनंतर नकाशा पुन्हा बदलतो

घर वीस वर्षांच्या कर्जाने घेतो, पण त्याच्या जवळची शाळा फार तर बारा-तेरा वर्षं कामाची. अकरावीचे प्रवेश ऑनलाइन, २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात एकाच पद्धतीने, आणि ते दहावीच्या गुणांवर होतात. पत्ता कुणी विचारत नाही. शाळेच्याच आवारात ज्युनिअर कॉलेज असेल तर इन-हाऊसच्या, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी राखलेल्या, १० टक्के जागांचा फायदा मिळू शकतो. हा मुद्दा घर घेताना कुणी बघत नाही आणि बघायला हवा. बाकीची मुलं मार्कांप्रमाणे ठाणे, मुलुंड, दादर, माटुंगा. तेव्हा घरात एकच प्रश्न उरतो: स्टेशनला जायला बस किती वेळाने आहे?

विकत घेणाराही हाच प्रश्न विचारतो. मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेला. घेणारं जोडपं तिशीतलं, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. एजंटने बाल्कनीचं दार उघडून समोरची शाळा दाखवली. बाईंनी एकदा बघितलं आणि विचारलं, "मेट्रोचं स्टेशन कोणत्या बाजूला येणार?" शाळेचं मी नंतर लिफ्टमध्ये सांगितलं, फॉर्म दिवाळीआधी संपतात म्हणून.

माझी मुलगी आता बारावीत आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांची टीएमटीची बस पकडून स्टेशनला जाते. ती गेल्यावर तासाभराने समोर प्रार्थना सुरू होते, लाउडस्पीकरवर. चौदा वर्षं ऐकून मला ती पाठ झाली आहे.